जिल्हा बदलला, गाव तेच

माझा जन्म १९७७ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावचा. गाव आजही जागच्या जागी आहे, पण चंद्रपूर जिल्ह्यात नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले आणि वैनगंगेच्या आमच्या बाजूचा मुलूख गडचिरोली झाला. मी पाच वर्षांचा होतो. कुणी बैलगाडी जुंपली नाही, कुणी भांडीकुंडी बांधली नाही. एका सकाळी रंगारी आला, शाळेच्या भिंतीवरच्या 'जि. चंद्रपूर'वर त्याने चुना फासला आणि वर 'जि. गडचिरोली' लिहून गेला. चुना पातळ होता. पुढची कितीतरी वर्षं पावसात भिंत ओली झाली की गडचिरोलीच्या खालून चंद्रपूर वर यायचं आणि ऊन पडलं की पुन्हा बुजायचं.

ती भिंत मला आठवते ती माझ्या रक्ताच्या निमित्ताने.

दीड वर्षाचा असताना माझे हातापायांचे पंजे सुजले होते. आई सांगते, बोटं कोवळ्या काकडीसारखी टरारली होती. वाताचं आहे असं ठरलं, तेल चोळलं गेलं. मग डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा कावीळ ठरली. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा एक म्हातारा होता. तो हाताला चुना चोळायचा, वरून पाणी सोडायचा आणि खालच्या परातीत पिवळं पाणी दाखवायचा. पाणी दर खेपेला पिवळं व्हायचं, आई समाधानाने घरी यायची, डोळे पिवळेच राहायचे. आणि धानाच्या रोवण्याचे दिवस तर विचारू नका. पोरांचं काम पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत नेऊन टाकण्याचं. दिवसभर गार चिखलात, पावसात उभं राहिलो की त्या रात्री ठरलेलं असायचं. मांडीच्या हाडात आतून कुणीतरी ओला दोर पिळतं आहे, आणि पिळून झाला की दुसरं टोक धरून पुन्हा पिळतं आहे. आई रात्रभर मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसायची. मालक लोक म्हणायचे, पोरगं कामचुकार आहे. रोवणा आला की आजारी पडते.

१९८८ साली नागपूरच्या मेडिकलमध्ये आमच्या घरातल्या चौघांचं रक्त तपासलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी बाबांना चार पट्ट्या समोर ठेवून दाखवल्या होत्या, त्या मला अजून दिसतात. बाबांच्या पट्टीवर दोन ठळक रेघा. आईच्या पट्टीवर तशाच दोन. धाकट्या भावाच्या पट्टीवर एक रेघ, वेगळ्या जागी, ती चांगली. आणि माझ्या पट्टीवरही एकच, पण ती वाईट. आईबाबांकडे एक चांगलं आणि एक वाईट असं दोन्ही होतं, म्हणून त्यांना काही झालं नव्हतं. माझ्या वाट्याला दोघांकडूनही वाईटच आलं होतं. पुढे वेदान्ताची पुस्तकं हाती लागली तेव्हा मी मित्रांना म्हणायचो, तुमचं अद्वैत पोथीतलं, आमचं पट्टीवर उमटलेलं आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, हा सिकलसेल, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, पुढचं हाड उपाशी राहतं म्हणून दुखतं. 'सिकल' म्हणजे विळा. आईने ते मनात ठेवलं. गावी आल्यावर पडवीत आडव्या अडकवलेल्या विळ्याकडे बोट दाखवून तिने शेजारणीला सांगितलं, "याच्या रक्तात इळे हायेत म्हन्ते डाक्टर." शेजारीण बराच वेळ माझ्या हाताच्या शिरांकडे पाहत राहिली. विज्ञानाचं इतकं सरळ भाषांतर मी नंतर कुठे वाचलं नाही.

पुढे मी शिक्षक झालो, विज्ञानच शिकवतो, म्हणून हे जरा खोलात जाऊन वाचलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. एवढंच. बाकी १४५ दुवे तुमचे आणि माझे सारखे. आणि विळासुद्धा कायमचा नसतो: पेशीत प्राणवायू भरलेला असला की ती गोल असते, प्राणवायू सोडला की वाकते, फुप्फुसातून फिरून आली की पुन्हा गोल होते. असं पुष्कळदा झालं की मग एकदा वाकलेली राहते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, माझी दहा-वीस दिवसांत मोडते. डोळ्यांतला पिवळेपणा त्या मोडतोडीचा. म्हाताऱ्याच्या परातीला काय कळणार होतं.

पण मला खरा धक्का बसला तो हिवतापाच्या धड्यात. हा सहाव्या दुव्याचा बदल जगात जिथे जिथे पिढ्यानपिढ्या टिकला, आफ्रिका, अरबस्तान, आमचा मध्य भारत, तिथे हिवतापही होता. आईबापांपैकी एकाकडूनच हा बदल आलेला असेल तर लहानपणी जिवावरचा हिवताप सहसा होत नाही. बाबांच्या पिढीत गावातली किती लेकरं तापात गेली ते आजी बोटांवर मोजायची. बाबा राहिले. कदाचित त्यांच्या पट्टीवरची ती वाईट रेघच त्यांना राखून गेली असेल. ते राहिले म्हणून मी झालो, आणि मी झालो तो असा. १९९१ च्या पावसाळ्यात मेंदूचा हिवताप झाला तो माझ्या भावाला, ज्याच्या रक्तात काहीच खोट नव्हती. चार दिवस तो बेशुद्ध होता. मी त्याच्या खाटेपाशी बसलो होतो, दुखरा पाय लांब करून, आणि दवाखान्यातली परिचारिका मला विचारत होती, "तुम्हा दोघांत आजारी कोन आहे?" (दोघांकडूनही वाईटच आलेल्याला मात्र हे कवच मिळत नाही, त्याला हिवताप झाला तर तो उलट जास्त महागात पडतो. निसर्ग हिशेबाला चोख आहे, दयाळू असल्याचं त्याने कधी सांगितलेलं नाही.)

वर्तमानपत्रात कुणा आजारी माणसाबद्दल छापून येतं की त्याने आजाराशी झुंज दिली. मी पुष्कळ दिवस झुंज द्यायचा प्रयत्न केला. पण झुंजायला समोर कुणीतरी लागतं. माझा शत्रू माझ्याच हाडांच्या मगजात रोज नव्याने तयार होतो, मी खाल्लेल्या भातावर पोसतो आणि माझ्याच श्वासाने तात्पुरता सरळ होतो. त्याला वेगळा काढून बाजूला ठेवला तर माझ्या अंगात रक्ताचा थेंब उरणार नाही.

आईचा तोडगा वेगळा होता. महाशिवरात्रीला ती मला मार्कंड्याला न्यायची. आमच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, त्या वळणावर मार्कंडेयाचं देऊळ आहे. मार्कंडेयाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: सोळा वर्षांचं आयुष्य, यमाचा फास, पोराने पिंडीला मारलेली मिठी. आईने कुठेतरी ऐकलं होतं की या आजाराची पोरं फार जगत नाहीत. सोळावं सरेपर्यंत तिने एकही महाशिवरात्र चुकवली नाही. सतराव्या वर्षी ती म्हणाली, "आता यंदा तू एकटाच जाऊन ये." मी गेलो. जत्रेतल्या गर्दीत ढकलला जात पिंडीपर्यंत पोचलो आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की गोष्ट सांगणारे यम आणि शंकराच्या भांडणावरच रंगतात. पोराने काय केलं ते कुणी नीट पाहत नाही. तो पळाला नाही, लढलाही नाही. दगडाला असा चिकटला की फास टाकायचा तर दोघांवर टाकावा लागला.

माझे मोठे बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. भगवी टोपी, खंजिरी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि पहाटे सामुदायिक ध्यान. विदर्भातल्या गावांत तुकडोजी महाराजांनी ही सवय लावून ठेवली आहे, आणि वेदान्त वगैरे शब्द न वापरता माणसं पहाटे अर्धा तास गप्प बसतात. ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. मोठे बाबा मला शेजारी बसवायचे. मी विचारलं, बसून काय करायचं? ते म्हणाले, काही नाही, जे होते ते होऊ द्यायचं. माझं तर पायात होत होतं. मी तेच पाहत बसायचो.

कॉलेजात असताना निसर्गदत्त महाराजांचे संवाद वाचले. मुंबईत खेतवाडीत बिड्या विकणारा हा गृहस्थ माडीवर बसून येईल त्याला सांगायचा की तू देह नाहीस. १९८१ साली घशाच्या कर्करोगाने गेले, शेवटपर्यंत बोलत होते. मला त्यांच्याबद्दल एक घरगुती आपलेपणा वाटायचा. उन्हाळ्यात आमचं सगळं गाव तेंदूपत्ता तोडायला जायचं, आई पहाटे निघून दुपारपर्यंत पुडके बांधायची. ती पानं कुठे कुठे जायची देव जाणे. एखादी बिडी त्यांच्या दुकानात पोचली असेल असं मी मनाशी धरून चाललो होतो.

तर, मी देह नाही. मी फक्त पाहणारा. वयाच्या विसाव्या वर्षी याच्याइतकं सोयीचं तत्त्वज्ञान दुसरं नव्हतं. दुखायला लागलं की मी आत एक माडी चढून वर जाऊन बसायचो आणि खाली चाललेला गोंधळ पाहायचो. साधं दुखणं असलं की जमायचंही. एका डिसेंबरात मात्र कंबर, छाती, दोन्ही मांड्या एकदम धरल्या. तीन रात्री. दुसऱ्या रात्री माडी कोसळली. पाहणाराच किंचाळत होता. आई पुरचुंडी घेऊन आली तर मी तिला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दुखणं ओसरल्यावर लाज वाटली ती दुखण्याची नाही, त्या माडीची. मी इतके दिवस काय करत होतो? शरीर एक जिल्हा, मी दुसरा जिल्हा, मध्ये नदी. रेघ मीच मारली होती आणि पलीकडे आग लागली की माझं नाव त्या जिल्ह्यात नाही म्हणून हात झटकत होतो.

याच सुमाराला गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली आलेल्या हृदयविकाराची गोष्ट आमच्याकडे गाजत होती. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आलं तेव्हा मी ते एका बैठकीत वाचलं आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. डॉक्टरांच्या आजाराला कारणं होती: खाणं, धावपळ, ताण. कारणं होती म्हणून आयुष्य बदलता आलं, आहार बदलला, ध्यान धरलं, आजारच गुरू झाला. मी काय बदलू? माझा आजार मी जन्मायच्या आधी ठरलेला. मला त्यातून काही शिकवायचा त्याचा इरादा दिसत नव्हता. आजारातून माणसाला काहीतरी शिकायलाच हवं, ही अपेक्षाही आजाऱ्याच्या छातीवर बसते. भेटायला येणारे विचारतात, दुखण्याने तुम्हाला काय दिलं? मी सांगतो, डावा खुबा घेतला. खुब्याचं हाड रक्ताअभावी झिजलं आहे, म्हणून मी लंगडतो. पुस्तक मात्र मी नंतर तीनदा वाचलं. त्यात डॉक्टर स्वतःला सवलत देत नाहीत, ते मला आवडतं.

'दुखणं नसतं तर?' हा माझा रात्रीरात्रींचा प्रश्न आनंदवनात सुटला. शाळेची सहल घेऊन वरोऱ्याला गेलो होतो. चहाची वेळ होती. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी चुलीवरचं पातेलं उघड्या हाताने उतरवलं. माझ्या वर्गातली पोरं ओरडली. बाईंनी शांतपणे पातेलं खाली ठेवलं, मग पदराने धरायचं राहिलं हे लक्षात येऊन तळवा उलटा करून पाहिला. भाजलं होतं. त्यांना ते डोळ्यांनी कळलं. कुष्ठाचे जंतू मज्जातंतू मारतात, मग हात भाजतो, कापला जातो, घाव चिघळतो आणि बोटं हळूहळू जातात, कारण 'अरे, लागलं' असं सांगायला आत कुणी उरत नाही. मी रात्र रात्र जे मागत होतो ते त्या तळव्याला मिळालेलं होतं.

त्या आवारात ते उभारणाऱ्या बाबा आमट्यांची आठवण निघणारच. मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांच्या दुखण्याने त्यांना कित्येक वर्षं बसता येत नव्हतं. एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. त्या अवस्थेत १९८५ साली ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, गाडीत आडवे पडून. बाबा काही ध्यानधारणेतले नव्हते. साक्षीभावाबद्दल विचारलं असतं तर बहुधा हातात कुदळ दिली असती. पण बसणं वजा करून उरलेल्या दोन अवस्थांत सगळं आयुष्य बसवणं, हा मला तरी कुठल्याही समाधीइतकाच अवघड प्रकार वाटतो.

'अमृतानुभव' मी चाळिशीत वाचला, टीपा लावून, विद्यार्थ्यासारखा. दहा प्रकरणं आहेत. सातवं अज्ञानखंडनाचं, लांबलचक. ज्ञानेश्वर अज्ञानाला कोपऱ्यात गाठून गाठून संपवतात. मला वाटलं आता ज्ञानाचा विजय होणार. तर पान उलटलं आणि आठवं प्रकरण ज्ञानखंडनाचं! अगदी छोटं. अज्ञानच नाही म्हटल्यावर त्याला घालवायला आलेलं ज्ञान तरी कशाच्या आधारावर उभं राहणार, म्हणून तेही रजेवर. मी पुस्तक मिटून हसत सुटलो. बायकोला वाटलं काहीतरी विनोदी वाचतो आहे. विनोदीच होतं. माझी कोसळलेली माडी म्हणजे ते आठवं प्रकरण होतं, फक्त मी ते वीस वर्षं आधी डिसेंबरात, ओरडत वाचलं होतं. आजार माझ्याहून वेगळा नाही म्हटलं, की आजाराच्या पलीकडे बसलेला तो शहाणा 'मी'ही निवृत्त होतो. मग उरतं ते आजचं काम.

आणि काम पुष्कळ आहे. दिवसाला तीन-चार लिटर पाणी. माझी बाटली हा शाळेतला विनोदाचा विषय आहे. फोलिक ॲसिडची गोळी. थंडीत कानटोपी. रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. या औषधाची करामत मला दरवेळी नवी वाटते: आईच्या पोटात असताना बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, ते बनवायची विसरलेली सवय ते मगजाला पुन्हा लावतं. ते हिमोग्लोबिन वाकत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा लंगडा मास्तर रोज सकाळी एक कॅप्सूल गिळून थोडा गर्भात जातो. लग्नही असंच, पत्रिकेआधी रक्ताची पट्टी पाहून केलं. बायकोच्या पट्टीवर एकच रेघ, ती चांगली, म्हणून दोन्ही मुलं फक्त वाहक. मुलगी बारा वर्षांची असताना म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमचं अर्धं माझ्यात आहे." मला काय बोलावं सुचलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकालाच कात्री लावणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत सुमारे २२ लाख डॉलर. आमचे एक सहकारी, जरा आध्यात्मिक, म्हणाले, "सर, तुम्ही तर आता आजार स्वीकारला आहे, तुम्हाला मिळालं तरी तुम्ही घेणार नाही." मी म्हणालो, उद्या मी राहतो त्या मूलच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं तर तुमच्या मोटरसायकलवर मागे बसून जाईन, चहाही पिणार नाही. अद्वैत म्हणजे दुखणं आवडायला लागणं, असा पुष्कळांचा समज आहे. दुखणं दुखतं. जिल्ह्याची रेघ खोटी असली तरी दाखला त्याच जिल्ह्याच्या तहसीलातून आणावा लागतो. मी सिकलसेलचं कार्ड पाकिटात ठेवतो, तपासणीला वर्गातली सगळी पोरं पाठवतो आणि रोवण्याच्या दिवसांत कुणी गैरहजर असलं तर कामचुकार म्हणत नाही.

गेल्या जानेवारीत आई आमच्याकडे मूलला आली होती. तिला आता सत्तरी उलटली. रात्री पारा घसरला, आणि डावा खुबा बोलायला लागला. मी कुणाला उठवलं नव्हतं, पण तिला खोकल्याच्या आवाजावरून कळतं. स्वयंपाकघरात तवा वाजला. मग ती मिठाची पुरचुंडी घेऊन खाटेच्या काठावर येऊन बसली आणि शेकायला लागली. मी तिला म्हटलं, रबराची गरम पाण्याची पिशवी आहे घरात. ती म्हणाली, "असू दे."

थोड्या वेळाने पुरचुंडी गार झाली आणि ती तसाच हात खुब्यावर ठेवून बसल्या बसल्या झोपी गेली. मी जागा होतो. दुखणं होतं, कमी झालं नव्हतं. तिच्या तळव्याची ऊब कुठे संपते आणि दुखणं कुठून सुरू होतं ते मी शोधायला लागलो, मास्तरकीची सवय, आणि मला ते सापडेना. दोन्ही एकमेकांच्या खालून वर येत होती, ओल्या भिंतीवरच्या अक्षरांसारखी. कूस बदलावीशी वाटत होती, पण तिची झोप मोडली असती.

पहाटे पाचच्या सुमाराला गल्लीतला कोंबडा ओरडला आणि ती दचकून जागी झाली.

"थांबलं का रे बाप्पा?"

"थोडं आहे."

तिने हात उचलला, झटकला, दुसऱ्या हाताने चोळला. "माझ्या हाताले तं मुंग्याच आल्या," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.